कॉलेट क्लोजर बसवला, तरी जॉब सटकतो किंवा आउट चालतो: छोट्या लेथवर काय, कोणत्या क्रमाने तपासायचं

हे लेखन ३८ मिमी स्पिंडल बोअर आणि पुढे एमटी-५ (मोर्स टेपर नंबर ५) टेपर असलेल्या छोट्या बेंच लेथसाठी आहे. या लेथवर टेपरमध्ये एमटी-५ ते ५सी स्लीव्ह बसते आणि तिच्यात ५सी कॉलेट, म्हणजे बार धरणारी खाचा पाडलेली नळी. कॉलेट मागे ओढून मिटवणारी ड्रॉट्यूब स्पिंडलमधून जाते आणि ती ओढणारा लिव्हर क्लोजर मागच्या टोकाला असतो. २० मिमी बोअरच्या मिनी लेथचा विषय वेगळा आहे, त्याबद्दल शेवटाकडे थोडं लिहिलं आहे.

लक्षणं

खालीलपैकी एक-दोन गोष्टी दिसत असतील तर पुढे वाचा.

- पार्टिंग करताना (बार कापून वेगळा करताना) जॉब थांबतो आणि स्पिंडल फिरत राहतो. जॉबवर चकाकणारे पट्टे उमटतात.
- ड्रिल मारताना बार मागे सरकतो.
- कॉलेटच्या तोंडाशी डायल (डायल इंडिकेटर) शांत असतो, पण ५० मिमी पुढे गेलं की काटा नाचायला लागतो, म्हणजे जॉब आउट (केंद्र सोडून) चालतो.
- एका बारवर लिव्हर ‘टक’ करून बसतो. त्याच मापाच्या दुसऱ्या बारवर ढिला पडतो किंवा अर्ध्यावरच अडतो.
- सकाळी पकड चांगली असते, पाच-सात जॉब झाले की क्लोजरची ओढ ठरवणारी रिंग पुन्हा एक खाच आवळावी लागते.
- लिव्हरचा योक (क्लोजरला धरणारा फाटा) किंवा हेडस्टॉकचं मागचं बेअरिंग तापतं.
- वेग वाढवला की हेडस्टॉकच्या आतून खडखड येते.

बहुतेक जण अशा वेळी आधी क्लोजर उघडतात. तिथे हात घालायची वेळ क्वचितच येते, कारण दोष बहुधा बारमध्ये, कॉलेटमध्ये किंवा बसवण्याच्या पद्धतीत असतो. म्हणून सुरुवात फुकटच्या तपासण्यांनी करा. कोणत्याही तपासणीआधी मशीनचा प्लग काढून ठेवा. नुसतं स्विच बंद करणं पुरेसं नाही.

१. बार मोजा

मायक्रोमीटरने बारच्या तीन ठिकाणी, प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी माप घ्या. ‘१२ चा बार आहे’ एवढं म्हणून चालत नाही. १२ मिमीचा ब्राइट बार एच-९ टॉलरन्सचा असेल तर तो ११.९५७ ते १२.००० मध्ये कुठेही असू शकतो. एच-११ असेल तर ११.८९० पर्यंत खाली जातो.

एवढ्याशा फरकाने काय होतं ते गणितातून कळतं. ५सी कॉलेटचा कोन एका बाजूला १० अंशांचा असतो. व्यास ०.०५ मिमी कमी झाला तर तीच पकड मिळायला कॉलेट साधारण ०.१४ मिमी जास्त मागे ओढावं लागतं. ०.११ मिमीच्या फरकाला ०.३ मिमीहून जास्त ओढ लागते. लिव्हर क्लोजरची ओढ मात्र ठरलेली असते. म्हणून एका बारवर बसवलेली सेटिंग दुसऱ्या बारवर ढिली पडते, त्यात क्लोजरचा काही दोष नसतो.

आपल्याकडे आणखी एक घोळ होतो, तो म्हणजे सुताच्या मापाचा बार मिलिमीटरच्या कॉलेटमध्ये घालणं. चार सुती बार १२.७० मिमीचा असतो. तो १३ च्या कॉलेटमध्ये ‘चालवून घेतला’ तर तो ०.३ मिमी लहान पडतो आणि कॉलेट त्याला फक्त ओठांनी धरतं. पाच सुती म्हणजे १५.८८. तो १६ च्या कॉलेटमध्ये कसाबसा धरला जातो, पण त्यावर पार्टिंग करू नका. ५सी कॉलेट नाममात्र मापापेक्षा फार तर ०.१ मिमी लहान बारपर्यंत नीट धरतं. इंची कॉलेट वेगळी मिळतात, ती घ्या. काळा हॉट रोल्ड बार कॉलेटमध्ये घालूच नका. त्याची पापडी सुटून खाचांत जाते आणि बारही गोल नसतो.

सेंटरलेस ग्राइंड केलेला बार मायक्रोमीटरवर अगदी एकसारखा दिसूनही तीन उंचवट्यांचा असू शकतो. दोन टोकांत मोजणाऱ्या मायक्रोमीटरला तो कळत नाही. व्ही-ब्लॉकवर डायलखाली फिरवला की लगेच कळतो.

२. बारवर ठसा घ्या

ही तपासणी एका मार्कर पेनात होते आणि अर्ध्याहून जास्त उत्तरं इथेच मिळतात. बारचं कॉलेटमध्ये जाणारं टोक पूर्ण गोलाईने मार्करने रंगवा, वाळू द्या, कॉलेटमध्ये घालून लिव्हर आवळा, मग सोडून बार सरळ बाहेर काढा. रंग कुठे घासला गेला ते पाहा.

तिन्ही जबड्यांचे लांबभर, जवळपास सारखे ठसे दिसले तर कॉलेट आणि बार एकमेकांना जुळतात. ठसा फक्त तोंडाशी असेल तर बार लहान आहे. ५सीचे जबडे मागून जोडलेले असतात, ते जास्त मिटले की पुढूनच टेकतात. ठसा फक्त मागच्या बाजूला असेल तर बार मोठा आहे. दोन जबडे उमटले आणि तिसरा नाही, तर खाचेत किंवा कोनावर कचरा आहे, नाहीतर कॉलेट वाकलेलं आहे.

नंतर स्वच्छ बार आवळून कॉलेटच्या तोंडावरून बारवर जाणारी एक सरळ रेघ ओढा आणि प्लग लावून एक हलका कट घ्या. रेघ कॉलेटवरच्या रेघेपासून बाजूला गेली तर बार फिरतोय. रेघ जागेवर राहिली पण बारची बाहेरची लांबी कमी झाली तर बार मागे सरकतोय. ड्रिलिंगमध्ये बार मागे सरकत असेल तर ते गंभीरपणे घ्या. ड्रिलचा दाब कॉलेटला टेपरमध्ये आणखी आत ढकलतो, म्हणजे पकड वाढायला हवी. तरीही बार सरकतो म्हणजे मुळातली पकड फारच कमी आहे. अशा वेळी कॉलेटच्या आतल्या आट्यांत स्टॉप लावून काम भागवता येतं, पण दोष तसाच राहतो.

३. साफसफाई

कॉलेट काढा. तिन्ही खाचा, १० अंशांचा कोन, मागचे आटे, स्लीव्हचा बोअर आणि एमटी-५ टेपर हे सगळं रॉकेल आणि नायलॉन ब्रशने साफ करा, मग बोटाला कापड गुंडाळून पुसा. पुसल्यावर तपासायला उघडं बोट फिरवलेलं बरं. बारीक बर (धातूची उठलेली कड) किंवा चिप बोटाला लगेच टोचते. कॉम्प्रेसरची हवा हेडस्टॉककडे मारू नका, चिप बेअरिंगमध्ये जाते.

स्लीव्हच्या १०० मिमी टेपरच्या एका टोकाला ०.०२ मिमीचा कण अडकला तर स्लीव्ह तिरकी बसते. मग कॉलेटपासून १०० मिमी पुढे केंद्र साधारण तेवढंच बाजूला जातं आणि डायल त्याच्या दुप्पट, ०.०४ मिमी दाखवतो. एवढ्यावर लोक नवीन कॉलेटचा सेट मागवतात.

बसवताना कॉलेटच्या बाहेरच्या कोनावर आणि आट्यांवर तेलाचा पातळ हात द्या, त्याने कमी जोरात जास्त ओढ मिळते. आतला बोअर आणि बार मात्र कोरडे ठेवा. बऱ्याच ठिकाणी हे नेमकं उलटं केलेलं असतं. कॉलेटच्या आत ग्रीस आणि बाहेर गंज दिसतो.

४. चावीची पिन

५सी कॉलेटच्या अंगावर एक लांब खाच असते आणि स्लीव्हमधली छोटी पिन त्यात बसते. पिन नसेल किंवा तुटली असेल तर कटच्या जोराने कॉलेट स्लीव्हमध्ये फिरतं, आणि ड्रॉट्यूबच्या आट्यांवर स्वतःच आवळत किंवा सुटत जातं. ड्रॉट्यूब न लावता कॉलेट हाताने आत ढकला आणि फिरवून पाहा. ते फिरता कामा नये.

पिन खाचेत न बसवताच ड्रॉट्यूब आवळली की पिन कापली जाते, हे सर्रास होतं. पिन बदलताना ती खाचेच्या तळाला टेकणार नाही अशी लांबी ठेवा. टेकली तर कॉलेट एका बाजूला उचललं जातं आणि मग आउट कुठून येतोय ते सापडत नाही.

रिकामं कॉलेट कधीच आवळायचं नाही. जबडे आतल्या बाजूला वाकतात आणि पुन्हा पूर्ण उघडत नाहीत. योग्य मापाचा बार सैल कॉलेटमध्येही अडकत असेल तर ते कॉलेट बाद करा.

५. रिंगची सेटिंग

लिव्हर उघडा ठेवा, बार घाला आणि ड्रॉट्यूब हाताने फिरवत जा. कॉलेट बारला हलकं टेकलं, म्हणजे बार बोटांनी फिरवताना जड लागला, की थांबा. आता लिव्हर बंद करून पाहा. सहज बंद झाला तर उघडून रिंग एक खाच आवळा आणि पुन्हा बंद करा. एका वेळी एकच खाच. रिंगच्या आट्यांचा पिच १.५ मिमी आणि खाचा १२ असतील तर एका खाचेला ०.१२५ मिमी ओढ मिळते, व्यासात साधारण ०.०४ मिमी.

बरोबर सेटिंगला लिव्हर आधी हलका, मग जड होत जातो, शेवटच्या टप्प्यात सर्वांत जड लागतो आणि तो उंबरठा ओलांडला की ‘टक’ करून बसतो. त्यानंतर योक आपल्या खोबणीत किंचित हलला पाहिजे. हा शेवटचा भाग महत्त्वाचा आहे. क्लोजरच्या आतले फिंगर (ड्रॉट्यूब ओढणारे आकडे) शंकूच्या सपाट भागावर चढले की पकड क्लोजरच्या आत बंद होते आणि योकवर भार राहत नाही. योक हलत नसेल तर फिंगर अजून उतारावरच आहेत. तेव्हा मशीन चालू असताना सगळी ओढ योकच्या बेअरिंगवर येते. योक तापतो तो याचमुळे.

लिव्हर उंबरठ्यापर्यंत जातच नसेल तर त्याच्या वाटेत काय येतंय ते आधी बघा. छोट्या लेथवर बहुधा बेल्टचं झाकण आडवं येतं. झाकण कापायची वेळ आली तर कापा, पण त्याचा सेफ्टी स्विच बायपास करू नका. लिंकची पिन घासली असेल तरी लिव्हरची चाल वाया जाते. आठ मिमीची पिन आणि बुश बदलणं हे तासाभराचं काम आहे. लिव्हरला पाइप लावून आवळू नका. फिंगर कास्ट असतील तर तडकतात.

६. क्लोजर कशाला टेकतोय

घरी बसवलेल्या क्लोजरमध्ये सर्वांत जास्त चुका इथे असतात, आणि त्या बाहेरून दिसत नाहीत.

लिव्हर आवळला की ड्रॉट्यूब मागे ओढली जाते. त्याची प्रतिक्रिया म्हणून क्लोजरची बॉडी तितक्याच जोराने पुढे, स्पिंडलकडे ढकलली जाते. हा जोर कुणीतरी झेलायला हवा. बॉडी स्पिंडलच्या मागच्या टोकाच्या फेसला पूर्ण टेकलेली असेल तर जोर स्पिंडलच्या आतच राहतो आणि बेअरिंगला काही कळत नाही.

बॉडी नुसत्या ग्रब स्क्रूंवर (बिनडोक्याच्या स्क्रूंवर) धरलेली असेल तर ती प्रत्येक आवळण्याला केसभर पुढे सरकते. ‘पाच-सात जॉबनंतर पुन्हा एक खाच’ या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा हेच असतं. बॉडीच्या कडेला स्पिंडलवर मार्करची रेघ मारा, लिव्हर दहा वेळा आवळून सोडा आणि रेघ पुन्हा बघा. रेघ झाकली गेली किंवा फट दिसली तर बॉडीच्या आत स्पिंडलच्या टोकाला टेकणारी रिंग टर्न करून बसवा. तिचे दोन्ही फेस समांतर असावेत, ०.०१ मिमीच्या आत. ग्रब स्क्रू फक्त बॉडी फिरू नये म्हणून ठेवायचे आणि त्यांच्या खाली पितळेचे तुकडे घालायचे, म्हणजे स्पिंडलचे आटे खराब होत नाहीत.

बॉडी बेअरिंगच्या प्रीलोड नटला (बेअरिंग आधीच दाबून ठेवणाऱ्या नटला) किंवा मागच्या गिअरला टेकत असेल तर प्रकरण जास्त वाईट आहे. मग प्रत्येक वेळी लिव्हर आवळला की नट पुढे दाबला जातो आणि बेअरिंगचा प्रीलोड वाढतो. ओळखायची खूण सोपी आहे. मोटरचा बेल्ट काढा, लिव्हर उघडा ठेवून स्पिंडल हाताने फिरवा, मग बार धरून लिव्हर आवळा आणि पुन्हा फिरवा. आवळल्यावर स्पिंडल जड लागला तर जोर बेअरिंगवर जातोय. त्या अवस्थेत मशीन चालवू नका. बॉडी आणि नट यांच्यात फट राहील आणि बॉडी स्पिंडलच्या टोकालाच टेकेल अशी दुरुस्ती आधी करा.

७. ड्रॉट्यूब

ड्रॉट्यूब लांब असेल तर तिचं पुढचं टोक स्लीव्हच्या मागच्या फेसला टेकतं. मग लिव्हरची सेटिंग नीट जुळत नाही. ट्यूबच्या टोकाला निळी (ठसा पाहायचा निळा रंग) लावून आवळा. स्लीव्हवर निळीचा छाप आला तर ट्यूब दीड-दोन मिमी कमी करा. ट्यूब आखूड असेल तर उलट होतं आणि आटे पुरेसे बसत नाहीत. ५सीचे बाहेरचे आटे १.२३८ इंच, २० टीपीआयचे असतात. किमान सात-आठ आटे धरले गेले पाहिजेत, म्हणजे ९ ते १० मिमी.

वेग वाढवल्यावर येणारी खडखड ट्यूबची असते. ३८ च्या बोअरमध्ये ३६ ची ट्यूब लोंबकळते आणि वेगात बोअरच्या भिंतीवर आपटते. मागच्या टोकाजवळ ट्यूबवर नायलॉन किंवा डेलरिनची रिंग बसवा, बोअरपेक्षा ०.१५ मिमी लहान. लांब बार स्पिंडलच्या मागून बाहेर आला असेल तर त्यालाही आधार हवा. आधार नसलेला बारीक बार वेगात वाकून चाबकासारखा फिरतो.

८. डायलने दोष नेमका शोधणं

वरचं सगळं ठीक असूनही जॉब आउट चालत असेल तर आता डायल लावा. १२ × ८० मिमीची ग्राइंड केलेली डॉवेल पिन घ्या, बार नको. एम-६ टॉलरन्सची पिन १२ पेक्षा ०.००७ ते ०.०१८ मिमी मोठी असते, ती १२ च्या कॉलेटमध्ये चालते. तोंडाशी एक वाचन घ्या आणि ५० मिमी पुढे दुसरं.

दोन्हीकडे सारखाच आउट असेल तर केंद्र सरकलेलं आहे. तोंडाशी कमी आणि पुढे जास्त असेल तर काहीतरी तिरकं बसलंय. पहिल्यांदा दुसरं कॉलेट लावून बघा. आकडा बदलला तर दोष कॉलेटचा. तेवढाच राहिला तर स्लीव्ह काढून १८० अंश फिरवून बसवा. उंच बिंदू स्लीव्हबरोबर फिरला तर स्लीव्ह दोषी, स्पिंडलवर त्याच जागी राहिला तर स्पिंडलचा टेपर. स्लीव्ह वेगवेगळ्या कोनांत बसवून सर्वांत कमी आउट येईल ती जागा शोधा आणि दोन्हीवर खूण करा. यात फसवाफसवी काही नाही, दोन चुका एकमेकींविरुद्ध लावल्या की आउट खरंच कमी होतो.

किती आउट चालेल, तर साध्या बाजारी ५सी कॉलेटला तोंडाशी ०.०२ ते ०.०३ मिमी आउट सामान्य आहे. त्यामागे लागू नका. स्पिंडलच्या टेपरच्या आत थेट डायल लावला तर ०.०१ च्या आत यायला हवा.

स्लीव्हवर निळीच्या तीन बारीक रेघा लांबीने ओढा, टेपरमध्ये दाबून किंचित फिरवा आणि काढा. निळी निदान सत्तर टक्के भागावर पसरलेली हवी. मोठ्या टोकाकडे जास्त असेल तर चालेल, फक्त लहान टोकाला असेल तर स्लीव्ह पुढे डुलते. अशी स्लीव्ह एमरीने घासून सुधारत नाही, ती बदला.

शेवटी स्पिंडलचा प्ले बघा. चकच्या जागी धरून लाकडी दांड्याने पुढे-मागे ढकला, डायल स्पिंडलच्या फेसवर ठेवा. दोन शतांशापेक्षा जास्त चाल दिसली तर प्रीलोड ढिला आहे. मॅन्युअलप्रमाणे नट थोडासा आवळा, मधल्या वेगावर अर्धा तास चालवा, मग मशीन बंद करून नोजला (स्पिंडलच्या पुढच्या टोकाला) हात लावा. कोमट असेल तर ठीक, हात ठेवता येत नसेल तर जास्त आवळलाय.

२० मिमी बोअरचा मिनी लेथ असेल तर

७×१४ किंवा ९×२० वर्गातल्या एमटी-३ लेथमध्ये ५सी स्पिंडलमध्ये मावत नाही, कारण कॉलेटच ३१.७५ मिमी व्यासाचं असतं. तिथे नोजवर फ्लँजने बसणारा ईआर-३२ (नटने आवळायच्या वेगळ्या कॉलेटचा) चक घ्या. त्यात एकच चूक सगळे करतात. कॉलेट आधी नटमध्ये ‘खट’ करून बसवायचं असतं, मग चकमध्ये. उलट केलं तर कॉलेट तिरकं आवळलं जातं आणि सोडताना टेपरमध्ये अडकून राहतं. ईआर कॉलेट १ मिमीपर्यंत मिटतं, पण बार किमान दोन तृतीयांश लांबीभर आत हवा. एमटी-३ कॉलेट आणि ड्रॉबार वापरत असाल तर ड्रॉबार एक फेरा सोडून अॅल्युमिनियमच्या ड्रिफ्टने हलकी टकटक करा. जोरात हाणलं तर बेअरिंगच्या रेसवर खड्डे पडतात.

इथे थांबा

स्पिंडलचा टेपर ०.०२ मिमीपेक्षा जास्त आउट असेल, हाताने फिरवताना बेअरिंग खडबडीत लागत असेल, क्लोजरच्या फिंगरला तडा दिसत असेल किंवा स्पिंडलच्या मागचे आटे खराब झाले असतील तर पुढे काही करू नका. टेपर घरच्या टूलपोस्टवर ड्रिलला दगड बांधून ग्राइंड करायच्या फंदात पडू नका. त्यातून स्पिंडलच बाद होतो, आणि या लेथचा स्पिंडल सुटा मिळवणं लेथ मिळवण्यापेक्षा कठीण असतं.

भोसरी, शिरोली, सातपूर, वाळूज अशा औद्योगिक भागांत स्पिंडल ग्राइंडिंगचं जॉबवर्क करणारे आहेत. त्यांच्याकडे स्पिंडल सुटा काढून नेऊ नका, पूर्ण हेडस्टॉक न्या, म्हणजे टेपर स्वतःच्या बेअरिंगमध्ये फिरवूनच ग्राइंड होईल. सोबत स्लीव्ह, एक चांगलं कॉलेट, डॉवेल पिन आणि घेतलेली वाचनं द्या. टेपर झाल्यावर स्लीव्ह त्याच खुणेवर बसवून तिच्या तोंडाचा १० अंशांचा कोनही जागेवरच मारून घ्या. विजेचा भाग, म्हणजे सेफ्टी स्विच, कंट्रोल बोर्ड किंवा अर्थिंग बिघडलं असेल तर ते इलेक्ट्रिशियनचं काम आहे, क्लोजर बसवताना तिथली एकही तार हलवू नका.